मोतिया पांढरी गाडी : चमक वाढवा, थर वाचवा

आपल्या देशातील रस्त्यांवर आज सर्वांत जास्त गाड्या पांढऱ्या रंगाच्या दिसतात. त्यांतही साध्या पांढऱ्याऐवजी ‘पर्ल व्हाईट’ म्हणजे मोतिया पांढऱ्या रंगाची गाडी घेण्याकडे लोकांचा कल वाढला आहे. मारुती, होंडा, टोयोटा या सर्वांनी हा रंग निरनिराळ्या नावांनी दिला आहे. साहजिकच डेंटिंग-पेंटिंग व पॉलिशचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांकडे अशा गाड्या रोज येतात. मात्र पुष्कळ ठिकाणी या रंगावर जुन्या एकथरी पांढऱ्या रंगासारखेच मशीन फिरवले जाते आणि तेथेच नुकसान होते. म्हणून आमच्या अनुभवातील काही गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा रंग वेगळा का?

जुन्या साध्या पांढऱ्या रंगात रंग आणि चमक एकाच थरात असत. मोतिया पांढऱ्यात प्रायमरवर तीन थर येतात. खाली पांढरा बेस, त्यावर मोतिया थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपले कारागीर लॅकर म्हणतात. मधल्या थरातील चूर्ण बहुधा अभ्रकाचे असून त्याच्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साईडचा अतिशय पातळ लेप असतो. काही प्रकाश लेपाच्या वरच्या बाजूने परततो, काही आत शिरून परततो, आणि त्यातून मोत्यासारखी झाक दिसते. झारखंडातील कोडरमा-गिरिडीहच्या खाणींतून निघणारे अभ्रक आपल्याला ठाऊकच आहे. हा त्याच खनिजाचा एक उपयोग होय.

म्हणजे मोतिया झाक मधल्या थरात आहे, पॉलिशच्या बाटलीत नाही. आपण पॉलिश करतो ते फक्त वरच्या लॅकरला. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी भरते आणि त्यात लॅकर ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचा कागद याहून जाड असतो! कडक कंपाउंड व लोकरीच्या पॅडने एकदा रबिंग केले की त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात. दर ईदला आणि दर लग्नाला गाडी घासून चमकवली, तर काही वर्षांत लॅकर संपतो, पापुद्रे निघतात आणि गिऱ्हाईक कंपनीच्या नावाने बोटे मोडतो.

घासण्याआधी स्वच्छता

पांढरी गाडी पिवळट दिसू लागली की तिला रबिंगच हवे असा समज आहे. पुष्कळदा तो पिवळेपणा वर बसलेल्या मळाचा, झाडाच्या चिकाचा किंवा जुन्या मेणाचा असतो. गाडी सावलीत, वरून खाली, गाडीसाठीच्या शाम्पूने धुवावी. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. शाम्पूची बादली वेगळी, फडके खळाळण्याची वेगळी आणि चाकांसाठी तिसरी ठेवावी. पुसायला जुने धोतर किंवा बनियन न घेता मायक्रोफायबरचे फडके घ्यावे.

रेल्वेमार्गाजवळ किंवा ग्राइंडर चालणाऱ्या वर्कशॉपजवळ उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीवर बारीक तांबूस ठिपके दिसतात. ते लोखंडाचे कण रंगात रुतून गंजलेले असतात. ते घासून काढू नयेत. लोह काढणारे द्रावण फवारल्यास ते कणांशी संयोग होऊन जांभळे होते. सुकू न देता पाण्याने धुऊन टाकावे. त्याचा वास उग्र असतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि जागा मोकळी असावी. त्यानंतर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावर हळुवार फिरवावी. खरखर लागली तर क्लेचा गोळा भरपूर साबणपाणी घेऊन फिरवावा. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यावा. त्यात शिरलेली वाळू पत्रा ओरखडते.

एवढ्यावरच निम्म्या गाड्यांचे काम भागते, असा आमचा अनुभव आहे.

पांढरा रंग डोळ्यांना फसवतो

काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे लगेच दिसतात. पांढऱ्यावर छताच्या ट्यूबलाईटखाली काहीच दिसत नाही. त्यासाठी हातातील दिवा पत्र्याला तिरपा धरून बघावे.

याहून मोठा धोका दुसरा आहे. लाल किंवा निळ्या गाडीवर लॅकर फाटून रंगाला धक्का लागला तर तो पॅडवर उतरतो आणि कारागीर सावध होतो. येथे रंग पांढरा, कंपाउंड पांढरे आणि लोकरीचा पॅडही पांढरा! इशारा मिळतच नाही. म्हणून गडद रंगाचा फोमचा पॅड वापरावा व तो वरचेवर तपासावा. मडगार्डची कड, बॉनेटची घडी, दाराचा काठ येथे लॅकर सर्वांत पातळ असतो आणि मशीन सर्वांत जोराने लागते. अशा कडांवर, चिन्हांवर व रबरावर आधी टेप लावावी.

सुरुवात नेहमी सर्वांत सौम्य पॉलिशने, दीड-दोन फुटांच्या एका चौकोनावर करावी. ओरखडे समाधानकारक निघाले तर कडक माल वापरण्याचे कारणच उरत नाही. नवशिक्या शागीर्दाच्या हाती रोटरी मशीन न देता दुहेरी फिरकीचे मशीन द्यावे, त्याने पत्रा कमी तापतो. नंतर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघावे. तेल निघून गेले की खरे काम दिसते.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी एक मोतिया पांढरी गाडी आमच्याकडे घाईने आली. डावे मडगार्ड पूर्वी कोठेतरी रंगवलेले होते. आम्ही जाडी न मोजताच मशीन चालवले. संध्याकाळी गाडी लखलखीत दिसत होती. सकाळी उन्हात बघितले तर मडगार्डच्या घडीवर चार बोटांएवढा मंद पट्टा होता. लॅकर फाटून मोतिया थरच घासला गेला होता.

शागीर्द म्हणाला, “उस्ताद, ग्लेझ मारून देऊ. दोन महिने कोणाला कळणार नाही.” त्याचे म्हणणे खरे होते. ग्लेझमधील तेल व भरण बसले की असा पट्टा दबतो. पण मालक येताच आम्ही त्यास दिव्याखाली पट्टा दाखवला. ते संतापले, दोन शब्द बोलले, आम्ही ऐकून घेतले. मोतिया रंगाला नुसते टच-अप चालत नाही. पूर्ण मडगार्ड तिन्ही थरांत रंगवावे लागले आणि झाक जुळावी म्हणून शेजारच्या दारावरही रंग उतरवत न्यावा लागला. आठवड्याची कमाई त्यात गेली. ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही, हेही खरे.

परंतु त्याच महिन्यात आम्ही जाडी मोजण्याचे मीटर घेतले. आता गाडी आली की प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी मोजतो, आकडे वहीत लिहितो आणि मालकाची सही घेतो. २०० च्या वर आकडा गेला की पत्रा पुन्हा रंगवलेला असावा असे समजतो. कित्येक पट जास्त भरला तर खाली पुट्टी असते. मीटर एकूण जाडी दाखवते, एकट्या लॅकरची नव्हे, आणि साध्या मीटरने प्लास्टिकचा बंपर मोजता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण कुरआनने उधारीच्या संदर्भात दिली आहे. ती सवय आमच्या कामातही उपयोगी पडली.

ओले धान्य खाली ठेवू नका

जुन्या गाड्यांच्या व्यापारातील काही मंडळी आमच्याकडे येतात आणि म्हणतात, “विकेपर्यंत टिकेल अशी चमक द्या.” विकण्यापूर्वी गाडी स्वच्छ करणे यात गैर काहीच नाही. परंतु अपघातात रंगवलेला पत्रा ग्लेझखाली दडवणे ही फसवणूक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ग्लेझखालचा पट्टा हे आपल्या धंद्यातले ओले धान्यच होय.

तसेच मेण काही आठवडे टिकते, सिरॅमिक त्याहून बरेच जास्त टिकते, पण दगडाची टिचकी कोणीच रोखत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. ‘आयुष्यभराची गॅरंटी’ असे शब्द पावतीवर लिहू नयेत. आणि गाडीला नुसत्या धुलाईची गरज असेल तर धुलाईचेच पैसे घ्यावेत.

दुसऱ्याची गाडी आपल्या दुकानात एक दिवस असते, तेवढा वेळ ती अमानत असते. तिचा लॅकर आपण कमी करू शकतो, पॉलिशने वाढवू शकत नाही. जो कारागीर कमीत कमी घासून गाडी चमकवतो, तोच खरा उस्ताद. अल्लाह आपणा सर्वांच्या हाताला हुनर आणि रोजीला बरकत देवो. आमीन.