गावनिधी : रक्कम गावाची, मुभा कोणाची?

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठच्या रस्त्यास नागरिक कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. १८६७ पासून नगरपालिका व १९६७ पासून महानगरपालिका असलेल्या शहरास आपला तलाव असा सजविणे शक्य होते. शहराची वेस ओलांडली की तलाव तेथेही भेटतात. मात्र त्यांच्या घाटाची एखादी ढासळलेली पायरी बसवावयाची, तर गाठ ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या निधीशी असते.

२४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची सूची दिली. त्यांपैकी किती विषय व किती पैसा प्रत्यक्ष सोपवायचा, हे ठरविणे मात्र राज्यांकडेच राहिले. पुढे चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी सुमारे दोन लाख कोटी रुपये थेट ग्रामपंचायतींसाठी सुचविले, आणि गावोगावच्या बँक खात्यांना प्रथमच वजन आले.

तथापि खात्यात शिल्लक असणे वेगळे आणि ती खर्चण्याची मुभा असणे वेगळे. पंधराव्या आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम २०२१-२२ पासून पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिलेली होती. उरलेली ४० टक्के ‘अबंधित’. पण तिच्यातूनही वेतन वा आस्थापना खर्च भागविता येत नसे. शिवाय ग्रामसभेचा ठराव, अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी हे टप्पे आहेतच. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या जोडसह्यांचा धनादेश जुन्या शाखाधिकाऱ्यांना चांगलाच आठवत असेल. त्याची जागा आता डिजिटल स्वाक्षरीने घेतली आहे. दोन सह्यांची अट गैरसोयीची वाटे खरी, परंतु सार्वजनिक पैशास एवढा पहारा हवाच.

खरी मोकळीक मिळते ती स्वतःच्या उत्पन्नातून. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर आणि छत्तीसगडात मत्स्यपालनासाठी पट्ट्याने दिलेल्या गावतलावांचे भाडे, या रकमा लहान असतात. पण त्या कोठे वापराव्यात हे वरून कोणी सांगत नाही. दुर्दैवाने सरपंचाला मते द्यावयाची ती शेजाऱ्यांनीच, त्यामुळे त्यांच्याकडे थकलेली पट्टी मागताना जीभ अडखळते.

छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने निराळी वाट शोधली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर २७ एप्रिल २०११ रोजी तेथील ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले. बांबूविक्रीचा पैसा ग्रामसभेकडे जमा होऊ लागला, आणि त्याचा विनियोग गावकरी एकत्र बसून, सर्वसहमतीने ठरवू लागले.