अर्धी गाडी कंपनीची, अर्धी वेल्डिंगवाल्याची!

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर चढलेला असताना स्नोमोबाइलचा विषय काढायला हिंमत लागते राव! पण काढतोच. कारण पिकअपच्या पाठीवर काय चढवायचं आणि त्यासाठी पाठ कशी बदलायची, ही हौस कॅनडात आहे तशीच वऱ्हाडातही आहे. तिकडे बर्फ, इकडे कापूस. दोन्ही पांढरं, दोन्ही ढिगानं, आणि दोन्हींमुळे रस्ता जाम!

माहीत आहे का? बर्फावर पळणारी पहिली 'स्की-डू' स्नोमोबाइल 1959 मध्ये बाजारात आणणारे जोसेफ-आर्मां बंबार्डियर हे क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावचे मेकॅनिक. नाव ओळखीचं वाटतंय? वाटणारच! मुंबईकर ज्या लोकलला 'बंबार्डियर' म्हणतात, तिची विद्युत यंत्रणा याच घराण्याच्या कंपनीची. म्हणजे बर्फातली स्कूटर आणि दादरची गर्दी, दोघींचं माहेर एकच.

आता आपली खरी हिरोइन. साधारण स्नोमोबाइल 3 मीटरच्या आसपास लांब, सव्वा मीटरच्या आसपास रुंद आणि दोन-तीनशे किलोंची. आपल्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या सगळ्यात दणकट मॉडेलचा हौदा 3050 मिलिमीटर, म्हणजे सरळ 10 फूट. लांबीत स्नोमोबाइल फिट! रुंदीत मात्र एकच बसणार. दुसरीने रिक्षा करावी.

मग तिकडचे लोक दोन-दोन कशा नेतात? हौद्याच्या कठड्यांवरून एक सपाट प्लॅटफॉर्म टाकतात. चाकांच्या वरून, कठड्यांच्या वरून, थेट 8 फुटांपर्यंत रुंद. मागे सरकणारी शिडी, तिला रॅम्प म्हणा. मालक स्नोमोबाइल चालू करतो आणि तशीच वर चढवतो. जरा जास्त एक्सलेटर दिला तर थेट केबिनच्या टपावर!

बरं, पिकअप आधी आली की तिची बॉडी? फोर्डने 1917 मध्ये 'मॉडेल टीटी' ट्रक आणला तेव्हा तो नुसत्या सांगाड्यावर मिळायचा. लाकडी हौदा ज्याने-त्याने आपल्या सुताराकडून ठोकून घ्यायचा. कंपनीने स्वतः तयार हौदा लावलेली मॉडेल टी विकायला काढली ती 1925 मध्ये. किंमत फक्त 281 डॉलर!

ऑस्ट्रेलियाचा किस्सा तर याहून झकास. तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं म्हणतात: रविवारी चर्चला जाताना अंगावर पाणी गळणार नाही आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी द्या. लू बँट या इंजिनिअरने 1934 मध्ये ती काढून दाखवली. आपल्याकडे रविवारी वऱ्हाडी, सोमवारी सोयाबीन. मागणी तीच, फक्त पत्र कुणी लिहिलं नाही!

थांबा, एक देशी ट्विस्ट. 'महिंद्रा अँड महिंद्रा' 1945 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे कंपनीने 1947 मध्ये विलीज जीप जोडायला घेतली. एक भागीदार देश चालवायला गेला, दुसऱ्याने जीप चालवली!

आणि छोटा हत्ती? टाटा एस 2005 मध्ये आली. तिच्या इंजिनाचं गुपित ऐकाल तर हसाल. इंडिकाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घेतलं आणि सरळ अर्धं केलं. 1405 सीसीचं झालं 702 सीसी, सिलिंडर उरले दोन. अर्ध्या इंजिनावर अख्खी बाजारपेठ खाल्ली. हत्ती म्हटल्यावर पाठीवर हौदा हवाच!

आता चला वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे. वऱ्हाडात पिकअप घेणारे दोन प्रकारचे. एक, कंपनीचा तयार हौदा घेणारे. दोन, नुसती केबिन आणि चॅसिस घेऊन बॉडीवाल्याच्या दारात उभे राहणारे. दुसऱ्या प्रकारात खरी मजा. "किती फुटाचा पाह्यजे भाऊ?" "जमते तेवढा!" इथून सुरू झालेली चर्चा चेकर प्लेट, सी-चॅनल, फाळका, जाळी, साखळी, ताडपत्रीचे हुक अशी फिरत फिरत शेवटी रंगावर येऊन अडते. रंगावर घरातल्या सगळ्यांचं मत असतं. पैसे देणाऱ्याचं सोडून.

जुन्या गाड्यांचे हौदे लाकडी असायचे आणि लाकडाची आपल्याला कधीच वानवा नव्हती. वर मेळघाटचा साग, खाली परतवाड्याचे लाकूड डेपो. आता लोखंडाचा जमाना. पण इथे एक गणित आहे, जे ऑर्डर देताना कुणी करत नाही. चला, आपण करू.

3 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे साडेतेवीस किलो. 10 फूट लांब, साडेपाच फूट रुंद तळाला तो लावला की झाले 120 किलोंच्या वर. "मजबूत पाह्यजे" म्हणून 5 मिलिमीटरचा लावला की 200 पार! म्हणजे नुसत्या हौसेपोटी 80 किलोंचा एक धडधाकट पाहुणा प्रत्येक फेरीला फुकट फिरतो. आणि गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा तीच राहते, म्हणून पाहुण्याचं वजन कापूस, संत्री, सोयाबीन यांच्यातून वजा होतं. मजबुती पत्र्याच्या जाडीत कमी आणि खालच्या आडव्या चॅनलच्या मांडणीत जास्त असते. चांगला बॉडीवाला हे सांगतो, ऐकतं कोण?

आणखी एक आतली गोष्ट. चांगला कारागीर हौदा चॅसिसला वेल्ड करत नाही. मध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी टाकतो आणि यू-बोल्टने आवळतो. काहून बाप्पा? कारण खड्ड्यातून जाताना चॅसिस थोडी पिळवटते. तिला पिळवटू द्यायचं असतं. पक्कं वेल्डिंग केलं तर तिथेच तडा जातो. चॅसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकं पाडणं तर त्याहून वाईट. आणि मागचे पाटे वाढवून "आता कितीही भरा" म्हणणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून घरी यावं. पाटे वाढतात, ब्रेक तेवढेच राहतात!

कापसाकडे येऊ. सुटा कापूस वजनाने हलका, आकाराने अवाढव्य. मर्यादेइतकं वजन भरायच्या आधीच हौदा तुडुंब! म्हणून जिनिंगच्या रांगेत उभ्या पिकअपना उंच जाळ्या दिसतात. 17 क्विंटल कापूस नेला तर त्यातून रुई निघणार तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त, म्हणजे 170 किलोंच्या साडेतीनएक गाठी. बाकी सरकी. एवढ्या मोठ्या ढिगातून एवढंच? हो, एवढंच. भावाबद्दल तर बोलायलाच नको.

माहीत आहे का, हाच कापूस वाहायला एकेकाळी इथे चक्क खासगी मालकीची रेल्वे होती! मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. आपली लाडकी शकुंतला. रूळ अडीच फुटांचे, मालकी ब्रिटिश काळातल्या किलिक निक्सन कंपनीची, आणि 1921 सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिने 1994 पर्यंत पळवलं. सत्तरी ओलांडून नोकरी केलेलं इंजिन. पेन्शनचं काय झालं, विचारू नका.

वरुड-मोर्शीच्या संत्र्यांचा नखरा वेगळा. त्यांना उंच जाळी नको, हवेशीर कॅरेट हवेत आणि धक्के कमी हवेत. खालची संत्री दबली की बाजारात मालकही दबतो.

पण हौद्यातले सगळ्यात व्हीआयपी प्रवासी कोण? शंकरपटाचे बैल! अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर दूरवर गाजलेला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतींना वाट मोकळी केली, मे 2023 मध्ये राज्याचा कायदाही वैध ठरवला, आणि पिकअपवाल्यांना पुन्हा सुगी आली. खाली रबरी मॅट, बाजूला गादी, पुढे चारा. मालक मागे उभा, बैल आरामात!

आणि ऐका, जनावरांच्या सीटचं मापसुद्धा नियमात लिहिलंय. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाय-म्हशीला प्रत्येकी 2 चौरस मीटर, घोड्याला सव्वादोन, शेळी-मेंढीला 0.3, डुकराला 0.6 आणि कोंबडीला 40 चौरस सेंटिमीटर. कायमचे कप्पे हवेत, शिवाय सोबत दुसरा माल चालत नाही. आपल्या 10 फुटी हौद्याचा तळ भरतो सव्वापाच चौरस मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे बरोबर एक जोडी! शर्यतीसाठीच मापून काढल्यासारखा. (मुंबई लोकलमध्ये माणसाला किती जागा मिळते, ते न विचारलेलंच बरं.)

एवढ्या गाड्या धावतात त्या रस्त्यावरही रेकॉर्ड झाला होता, आणि साधासुधा नाही, गिनीज! अमरावती ते अकोला, राष्ट्रीय महामार्ग 53. जून 2022. एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण, सलग, 105 तास 33 मिनिटांत! 3 तारखेला सकाळी सुरू, 7 तारखेला संध्याकाळी खल्लास. 720 माणसं दिवसरात्र राबली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, 25.275 किलोमीटरचा, त्याला 10 दिवस लागले होते. दोहाला तिप्पट मागे टाकणारा रस्ता आपल्या दारातून जातो. त्याच रस्त्यावर एमएच 27 आणि एमएच 30 यांची ओव्हरटेकची खुन्नस रोज सुरू असते, पण ती गिनीजवाले मोजत नाहीत.

फाळक्यावरची साहित्यसेवा? 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी 2015 मध्येच बंदी घातली. कारण साधं: वाचणारा लगेच हॉर्न वाजवतो. बंदी आहे, पेंटरला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता जरा सीरियस, पण दोनच मिनिटं. हौदा मागे किती बाहेर काढायचा, यालाही माप आहे. मागच्या एक्सलपासून मागे व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपर्यंत. व्हीलबेस 3 मीटर असेल तर 1.8 मीटर, बस. त्याहून जास्त काढलं आणि माल टोकाला भरला, तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हवेत फिरल्यासारखं लागतं. हौद्याच्या मागे लोखंडी सळया लटकवून नेण्याची जुनी सवलत तर 2014 मध्येच रद्द झाली. लाल फडकं बांधून भागत नाही!

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं. नव्या चॅसिसवर बॉडी बांधताय? मग बॉडीवाल्याकडून प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी त्याप्रमाणे करून घ्या. जुन्या गाडीचा हौदा बदलताय? आधी आरटीओची परवानगी, मग ग्राइंडर. नाहीतर अपघाताच्या दिवशी विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन येतो, आणि तो पहिल्यांदा हौदाच मोजतो.

तेव्हा वेल्डिंगवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी आरसी बुक उघडा, त्यातलं रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन वाचा, दोन्हींची वजाबाकी करा आणि तो आकडा कागदावर लिहून बॉडीवाल्याच्या हातात द्या. रंग नंतर ठरवा.