घोडा स्वाराचा, वाट पायांची

उतार लागला की जाणता स्वार खाली उतरतो. अजिंठ्याच्या डोंगरातल्या काळ्या खडकावर नाल घसरते, मुरमाड जागी मागचा पाय सुटतो, आणि एकट्याच्या मदतीला दुसरं कुणी नसतं. मग लगाम हातात धरायचा, आपण पुढं, घोडा मागं, पायाखाली बघत खाली जायचं. जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन-जाफराबादच्या बाजूला हीच रांग आडवी पसरली आहे. गेल्या साडेतीनशे वर्षांत या मुलखात उमटलेल्या टापांचा माग काढत गेलं, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नाव राहिलं ते खोगिरावरच्या माणसाचं. वाट मात्र बहुतेक वेळा ठाऊक होती ती पायी हिंडणाऱ्याला.

नोव्हेंबर १६७९. शिवाजी महाराजांच्या फौजेनं जालन्याची श्रीमंत पेठ लुटली. मोहीम फत्ते झाली, पण अवघड होतं ते परतणं. लूट लादलेली जनावरं मोकळ्या घोड्यासारखी पळत नाहीत. संगमनेरच्या बाजूला मोगलांनी गाठलंच. लढाईत महाराजांचे सरदार सिधोजी निंबाळकर पडले, मागून आणखी मोगल फौज येत होती. तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी रात्रंदिवस मजल मारून सगळ्यांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणलं. महाराज तिथं विसावले, म्हणून पट्ट्याचा विश्रामगड झाला. बहिर्जी हेरखात्याचे नाईक. हेराचं हिंडणं बिनबोभाट असतं. कुठल्या खिंडीतून लादलेला घोडा जातो, कुठं बैल अडतो, कुठल्या ओढ्याला नोव्हेंबरात पाणी असतं, हे त्यानं आधीच बघून ठेवावं लागतं. मराठी घोडदळाच्या वेगाचं सगळीकडं कौतुक झालं. तो वेग अशा एकांड्या पायपिटीवर उभा होता.

घोडेही मुलखाला साजेसे होते. भीमेच्या काठची, भीमथडीची तट्टं उंचीला बेताची, पण काटक. थोडक्या चंदीवर भागवणारी, दगडधोंड्यांतून नीट पाय टाकणारी. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदाराचा स्वतःचा असे. घोडा मेला की शिलेदारी गेली. त्यामुळं घाटात खाली उतरून चालण्याचा कमीपणा कुणाला वाटत नसे.

पुढं १८०३ साल. २१ सप्टेंबरला बदनापूरला आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन या इंग्रज सेनानींची मसलत झाली. मधल्या डोंगराला वळसा घालून एकानं पश्चिमेकडून, दुसऱ्यानं पूर्वेकडून निघायचं आणि भोकरदनच्या बाजूला एकत्र येऊन लढाई द्यायची, असं ठरलं. पण २३ तारखेला नळणीजवळ वेलस्लीला कळलं, की शिंदे-भोसल्यांच्या फौजा अगदी जवळ आहेत. थोडं घोडदळ घेऊन तो पुढं पाहणीला गेला. केळना नदीपलीकडं सगळी छावणी पसरलेली दिसली. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं, आणि दुसरीकडं कुठं नदी ओलांडता येणार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं.

वेलस्लीला लांबवर दोन गावं दिसली: अलीकडं पिंपळगाव, पलीकडं वरूड. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं वसली आहेत, तर माणसं ये-जा करतच असणार, असा त्यानं हिशेब केला. तो बरोबर निघाला. मराठीत नदी ओलांडण्याच्या जागेलाही उतारच म्हणतात. त्या उतारावरून फौज पार झाली आणि असईची लढाई झाली. वेलस्लीच्या हाती ९८ तोफा लागल्या, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. त्याचा एक घोडा गोळी लागून पडला. डायोमेड या दुसऱ्या घोड्याला भाला लागला. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला त्यानं हरवलं. आपली सगळ्यांत सरस लढाई कुठली, असं पुढं कुणी विचारलं तर तो असईचं नाव घेई. त्याची नजर तेज होती, यात शंका नाही. पण तो उतार पडला होता गुरांच्या खुरांनी, आठवडी बाजाराच्या ओझ्यांनी, सासरी-माहेरी जाणाऱ्या बायकांच्या पावलांनी.

सोळा वर्षांनी याच डोंगररांगेत, आजच्या जालना जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या घोडदळातल्या अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरली: २८ एप्रिल १८१९. लेणी ‘सापडल्याची’ गोष्ट तिथून सुरू होते. आसपासच्या गुराख्यांना ती हरवल्याचं कधी जाणवलंच नसावं.

१९०० च्या सुमाराला जालन्यात आगगाडी आली. मग डांबरी सडका, जीप, मोटारसायकली. पागा मोडल्या, नालबंदांचा धंदा बसला. आज जालना ओळखलं जातं बियाण्यांसाठी आणि पोलादासाठी. शहरात घोडा दिसतो तो वरातीत, बँडच्या आवाजानं बिचकलेला.

भीमथडी मात्र संपली नाही. अलीकडंच या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. तिला जपलं ते मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या धनगरांनी. त्यांच्या तट्टाच्या पाठीवर अख्खा संसार असतो: घोंगड्या, भांडी, उलटी बांधलेली बाज, झोळीत नुकतं जन्मलेलं कोकरू. दोर हातात धरून घरची बाई पुढं चालते, घोडा मागं. तिला उतार लागला म्हणून खाली उतरावं लागत नाही. ती वर बसलेलीच नसते.