एक्केचाळीस टन रुपये

नागपुरात धरमपेठेतून लॉ कॉलेज चौकात येऊन अमरावती रस्त्याला लागलं, की भरतनगरला लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं, म्हणजे एलआयटीचं आवार येतं. ही संस्था उभी राहिली ती एका मृत्युपत्रावर. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाच्या नावे ३५ लाख २० हजारांहून जास्त रुपये ठेवले. संस्था सुरू झाली १९४२ मध्ये.

आज तेवढ्या पैशात धरमपेठेत दोन खोल्यांचा फ्लॅट मिळणं कठीण. पण तेव्हाचा रुपया चांदीचा होता, एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. ही रक्कम नाण्यांत दिली असती, तर वजन भरलं असतं ४१ टन. दहा टनी चार ट्रक भरून वर हजार किलो उरले असते. सेकंदाला एक नाणं, न जेवता, न झोपता मोजत बसलं तरी ४० दिवसांत मोजणी संपत नाही. एलआयटीच्या फाटकापासून नाण्याला नाणं टेकवत अमरावतीच्या दिशेने निघालं, तर ओळ कोंढाळी आणि कारंजा मागे टाकून १०७ किलोमीटरवर जाऊन थांबते. सोन्याचा भाव तेव्हा तोळ्याला साधारण २१ रुपये. म्हणजे दोन टनांना थोडंच कमी सोनं. एका माणसाने शिकणाऱ्या अनोळखी पोरांसाठी हे सगळं देऊन टाकलं, यापुढे मला आजही हात जोडावेसे वाटतात.

हे दान ज्या विद्यापीठाला मिळालं, ते १९२३ मध्ये सुरू झालं तेव्हा ६ कॉलेजं होती आणि विद्यार्थी अवघे ९२७. मध्यप्रांत-वऱ्हाडची लोकसंख्या तेव्हा एक कोटी ३९ लाखांच्या आसपास. दर १५ हजार माणसांमागे एक विद्यार्थी! विद्यापीठाकडे आता नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चारच जिल्हे उरले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तिथली वस्ती सुमारे ८५ लाख. जुनंच प्रमाण लावलं तर या चार जिल्ह्यांत मिळून ५६५ विद्यार्थी असते. संलग्न कॉलेजं मात्र आज पाचशेच्या घरात आहेत, म्हणजे त्या हिशेबाने कॉलेजमागे जेमतेम एक विद्यार्थी आला असता.

एवढा पसारा एका दात्याच्या पैशावर चालत नाही. २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. त्याचा वाढीव भार सुमारे ९०६ कोटी रुपये सांगितला गेला. या वेगाने खर्च केला, तर लक्ष्मीनारायणांचे ३५ लाख तीन तास चोवीस मिनिटांत संपतात. निर्णय योग्यच आहे. पण खर्चाचं ओझं एका घरावरून सगळ्यांवर आलं, तर फी ठरवण्यात सगळ्यांचा वाटा किती?

खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजचे हिशेब तपासून ठरवतं. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे येतो. २०१६ च्या कायद्याप्रमाणे तिथे नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या जागा आहेत १०. शंभर वर्षांतल्या सगळ्या पदवीधरांच्या वतीने दहा माणसं! पदवी हाती आली म्हणून मतदारयादीत नाव आपोआप येत नाही. त्यासाठी अर्ज भरावा लागतो, आणि धरमपेठेत घरटी दोन-तीन पदवीधर असूनही तो भरल्याचं फारसं कोणी सांगत नाही. मला हे फार लागतं.

२०२३ मध्ये एलआयटी नागपूर विद्यापीठापासून वेगळी होऊन स्वतंत्र विद्यापीठ झाली. लक्ष्मीनारायणांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेचा अर्थसंकल्प आता त्या दहा जणांपुढेही येत नाही.