घरगुती वायू उपकरणांतील प्रज्वलनदोष

घरगुती वायू उपकरणांतील प्रज्वलनदोष : स्वयंपाकाची शेगडी, भट्टी, पाणी तापविण्याचा गिझर इ. ज्वलनशील वायूवर चालणारी उपकरणे पेटण्यात, पेटून राहण्यात किंवा शांतपणे पेटण्यात येणाऱ्या अडथळ्यांना प्रज्वलनदोष म्हणतात. द्रवीकृत खनिज तेल वायूची घरगुती विक्री भारतात १९५५ साली मुंबईत सुरू झाली. पुढे अनेक शहरांत नळाने नैसर्गिक वायूही पुरविला जाऊ लागला.

प्रज्वलनाच्या अटी : बहुतेक ज्वालक (बर्नर) रोबेर्ट बन्सन यांनी १८५५ मध्ये प्रचारात आणलेल्या तत्त्वावर चालतात. नॉझलमधून वेगाने सुटणारा वायू बाजूच्या छिद्रांतून काही हवा ओढून घेतो व हे मिश्रण ज्वालकाच्या भोकांशी जळते. मिश्रण पेटण्यासाठी हवेत द्रवीकृत वायूचे घनफळात्मक प्रमाण सु. २ ते ९·५% आणि नैसर्गिक वायूतील मिथेनाचे सु. ५ ते १५% असावे लागते. प्रज्वलनास लागणारी ऊर्जा अत्यल्प, सु. ०·२५ मिलिजूल असते. त्यामुळे ठिणगी अगदीच क्षीण नसेल, तर दोष बहुधा मिश्रणात किंवा ठिणगीच्या जागेत असतो.

ठिणगी न पडणे : कळ दाबून पेटणाऱ्या शेगडीत प्येअर व झाक क्यूरी यांनी १८८० मध्ये शोधलेल्या दाबविद्युत् परिणामाचा उपयोग करतात. लहान हातोडीच्या आघाताने विशिष्ट मृत्तिका पदार्थात काही हजार व्होल्ट दाब निर्माण होतो. विद्युत् अग्र आणि ज्वालक यांमधील काही मिमी. अंतरातून ठिणगी उडते. अग्रावर उतू गेलेल्या दुधाचा थर वा ओलावा असल्यास, चिनी मातीच्या निरोधकास तडा गेल्यास किंवा तार सैल झाल्यास वीज दुसऱ्याच मार्गाने निघून जाते. अग्र पुसून कोरडे करणे हा पहिला उपाय होय. तडा गेलेला निरोधक मात्र बदलावाच लागतो.

ठिणगी पडूनही न पेटणे : यामागे रिकामे सिलिंडर, नीट न बसलेला नियामक, दुमडलेली नळी किंवा बुजलेले नॉझल ही कारणे आढळतात. सर्व ज्वालक मंद असतील तर दोष पुरवठ्यात आणि एकच मंद असेल तर त्याच्याच नॉझलमध्ये वा भोकांत समजावा. सुई घालून नॉझल साफ केल्यास छिद्र मोठे होऊन ज्योत पिवळी व काजळीयुक्त होते. द्रवीकृत वायूवरून नैसर्गिक वायूकडे वळताना मोठ्या छिद्राचे नॉझल बसवावे लागते.

ज्योत विझणे, आत वळणे व उशिरा पेटणे : सुरक्षा झडप असलेल्या उपकरणांत ज्योतीत तापलेले तपयुग्म सु. २० ते ३० मिलिव्होल्ट दाब निर्माण करून विद्युत् चुंबकीय झडप उघडी ठेवते. कळ सोडताच ज्योत विझत असल्यास तपयुग्म मळलेले, ज्योतीपासून सरकलेले किंवा निकामी झालेले असते. ज्वालकाची टोपी तिरपी बसल्यास अथवा वायूचा प्रवाह फार कमी केल्यास ज्योत आत वळून नॉझलपाशी फुसफुसत जळते. अशा वेळी तोटी बंद करून ज्वालक थंड होऊ द्यावा. याउलट हवा किंवा दाब अधिक झाल्यास ज्योत भोकांपासून वर उचलली जाते. वायू साचल्यानंतर ठिणगी पडली, तर भडका उडतो. म्हणून पहिला प्रयत्न फसल्यास तोटी बंद करून काही मिनिटे थांबावे.

गिझर : पाणी वाहू लागताच पडद्याच्या हालचालीने सूक्ष्म स्विच जोडला जातो, ठिणग्या पडतात व वायूची झडप उघडते. बहुतेक साध्या गिझरमध्ये यासाठी दोन कोरडे विद्युत् घट असतात. घट क्षीण होणे, पाण्याचा दाब अपुरा असणे व गाळणी तुंबणे ही न पेटण्याची नेहमीची कारणे होत. पेटून काही सेकंदांत विझत असल्यास ज्योतसंवेदी अग्र तपासावे.

ज्योतीचा रंग हा दोषाचा महत्त्वाचा निदर्शक आहे. निळी व स्थिर ज्योत पूर्ण ज्वलन दर्शविते. पिवळी ज्योत बहुधा हवेची कमतरता दर्शविते व तीत कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. बंद न्हाणीघरात बसविलेल्या गिझरमुळे डोकेदुखी, घेरी व बेशुद्धी येऊन मृत्यू ओढवतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसविणे हाच यावरील खरा उपाय आहे.

दक्षता : द्रवीकृत वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. दोन्हींना ओळखीसाठी तीव्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. वास आल्यास दोष शोधू नये. विजेची बटणे चालू वा बंद न करता सिलिंडरवरील नियामक किंवा नळाची मुख्य झडप बंद करावी, दारेखिडक्या उघडून घराबाहेर पडावे आणि मग मदत मागवावी. सिलिंडरमधील गळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. सांध्यांची तपासणी साबणाच्या पाण्याने करतात. पेटत्या काडीने कधीही नाही. झडप, नियामक व तपयुग्म यांची दुरुस्ती मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.