माळ्यावरच्या मोटारींचे मोल

पुण्याच्या पेठांतील जुने वाडे आता एकामागून एक उतरवले जात आहेत. वाडा रिकामा करताना तांब्यापितळेची भांडी, शिसवी कपाट, भिंतीवरचे घड्याळ यांची वाटणी फारशी अवघड जात नाही. त्यांचे मोल घरात सर्वांना ठाऊक असते. अडते ते माळ्यावरच्या खोक्यांपाशी. थोरल्या काकांनी तरुणपणी हौसेने जमवलेले आणि संसाराच्या रगाड्यात जोडायचे राहून गेलेले मोटारींच्या प्रतिकृतींचे संच त्यात असतात. वर रंगीत चित्र, आत प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शंभरएक बारीक भाग.

रद्दीवाला ते किलोच्या भावाने मागतो. एखादा जाणकार सगळ्यांचे मिळून तीन हजार देऊ करतो. पुतण्या संगणकावर पाहून सांगतो, की यातल्या एकाच खोक्याला परदेशात वीस हजार मागतात. हे तीन आकडे एकाच दिवशी कानी पडले, की घरातील वडीलधाऱ्या बाईंना प्रत्येकाचाच संशय येऊ लागतो. रक्कम मोठी नसते. पण तिच्यावरून नात्यात अढी बसू शकते. म्हणून अशा वस्तूचा रास्त भाव कसा ठरवावा, हे नीट समजून घेणे हिताचे.

या संचांचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडातील एअरफिक्स ही कंपनी १९३९ साली स्थापन झाली आणि १९५० च्या दशकात तिचे प्लॅस्टिकचे संच घरोघर पोहोचले. अमेरिकेत रेव्हेल आणि एएमटी, जपानमध्ये शिझुओका येथील तामिया ही या क्षेत्रातील मोठी नावे. १९६७ साली तामियाने होंडाच्या शर्यतीच्या मोटारीचा, मूळ गाडीच्या एक-बारांश आकाराचा संच बाजारात आणला. आपल्याकडे मात्र त्या काळी अशा आयातीवर कडक निर्बंध होते. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले ते १ एप्रिल २००१ रोजी. त्यामुळे पुण्यात आढळणारे जुने संच बहुधा परदेशी गेलेल्या आप्तांच्या पेट्यांतूनच आलेले असतात. कोलकात्यात जुन्या विलायती साच्यांवरून बनलेल्या धातूच्या छोट्या मोटारींशी त्यांची गल्लत करू नये. त्यांचे चाहते वेगळे आणि भावही वेगळा.

वस्तू जुनी आहे एवढ्यावरून ती मोलाची ठरत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकी कंपन्या त्या त्या वर्षीच्या नव्या गाडीचा संच काढीत आणि पुढच्या वर्षी गाडीचे रूप पालटले, की त्याच पोलादी साच्यात फेरफार करीत. अशा रीतीने मूळ साचाच उरला नाही, तर तो संच जसाच्या तसा पुन्हा निघू शकत नाही. त्याची दुर्मीळता खरी. याउलट ज्यांचे साचे शाबूत आहेत, ते संच कंपन्या अधूनमधून पुन्हा छापतात. नवी आवृत्ती आली, की ज्याला केवळ गाडी जोडायची आहे तो स्वस्त नवा संच घेतो. जुन्या खोक्याला गिऱ्हाईक उरते ते फक्त संग्राहकाचे. खोक्यावर किंवा प्लॅस्टिकवर कोरलेले वर्षही फसवे असते. ते अनेकदा साचा तयार झाल्याचे वर्ष असते, संच छापल्याचे नव्हे.

त्यानंतर पाहायची ती वस्तूची अवस्था. माहितीपत्रकातील यादी समोर ठेवून एकेक भाग मोजावा. पारदर्शक काचा तडकल्या आहेत का, चकाकी दिलेले भाग काळवंडले आहेत का, चिकटचित्रे पिवळी पडली आहेत का, हे तपासावे. मऊ टायर वर्षानुवर्षे टेकून राहिले, तर त्यातील द्रव्य झिरपून शेजारचे प्लॅस्टिक विरघळवते. तो डाग नंतर निघत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला ओल येते, कसर लागते, आणि पत्र्याखालच्या माळ्यावरील उन्हाने पातळ भाग वाकतात. सीलबंद खोके सर्वांत मोलाचे. उघडलेला पण पूर्ण संच त्याखालोखाल. घाईने जोडून रंगवलेल्या गाडीला बहुधा थोडेच पैसे येतात.

आता आकड्यांकडे वळावे. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत मोठे अंतर असते. वीस हजार कोणीही मागू शकतो. तो संच वर्षभर तसाच पडून असेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून विकल्या गेलेल्या व्यवहारांचेच भाव टिपावेत. समजा, त्याच संचाचे अलीकडचे पाच व्यवहार ४,०००, ४,५००, ४,८००, ५,२०० आणि ९,००० रुपयांचे आहेत. सरासरी ५,५०० येते. पण ती एका उतावळ्या गिऱ्हाइकाने फुगवलेली असते. मधला आकडा, ४,८००, अधिक विश्वासाचा. हे सीलबंद संचाचे भाव असतील आणि आपले खोके उघडलेले असेल, तर १,००० वजा करावेत. चिकटचित्रे नवी आणायला ५०० लागत असतील, तर तेही. उरतात ३,३००. हा जोडणाऱ्या हौशी माणसाला थेट विकण्याचा भाव झाला. व्यापाऱ्याला विकायचे तर त्याची जोखीम, जागा आणि गिऱ्हाईक येईपर्यंतची वाट यांपोटी निम्म्याच्या आसपास रक्कम मिळाली, तरी तिला लुबाडणूक म्हणता येत नाही. परदेशी पाठवायचे झाल्यास टपाल, विमा आणि विक्रीचे शुल्क आधी वजा करावे. संचासोबतचा गोंद वा रंग ज्वालाग्राही असल्याने विमानाने जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सचोटीची खरी कसोटी मात्र माहिती एकाच बाजूला असते तेव्हा लागते. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी घासाघीस चालते, आणि दोघेही जाणते असतील तर तिच्यात गैर काही नाही. पण घर आवरणाऱ्या वृद्ध बाईंकडून दुर्मीळ संच रद्दीच्या भावात उचलणारा जाणकार आणि नवी आवृत्ती जुनी म्हणून खपवणारा विक्रेता, दोघेही एकाच वाटेचे प्रवासी. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांबरोबर प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल देणे, हाही सांगितला आहे. जे भाग नाहीत त्यांची यादी विक्रेत्याने स्वतःहून खोक्यावर लिहून द्यावी, आणि घेणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेला भाव बोलून दाखवावा. एवढ्याने निम्मे वाद मिटतात.

एक गोष्ट मात्र विक्रीपूर्वी करावी. सर्व खोकी एकदा घरच्यांसमोर उघडावीत, यादी करावी, भाव कसा काढला ते सर्वांना दाखवावे, आणि घरातल्या एखाद्या नातवाला त्यातली एखादी गाडी जोडावीशी वाटते का, ते विचारावे. वाटत असेल, तर ते खोके यादीतून वगळावे. काकांनी ते जोडण्यासाठीच तर आणले होते.