बंडू, पांडुरंग आणि पँडी

आपल्यातल्या पांडुरंगाला घरी बंडू म्हणतात, ऑफिसात पँडी. हाक कोणतीही मारा, येणारा माणूस तोच! आम्हा प्रोग्रॅमर मंडळींचं मात्र तसं नाही.

३२ बिटांच्या संख्येत डावीकडे किती शून्यं आहेत, हे प्रोसेसरकडून मोजून घ्यायला इंटेलच्या मॅन्युअलात ‘एलझेडसीएनटी-यू३२’, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरात नुसतं ‘एलझेडसीएनटी’ आणि जीसीसीत ‘बिल्टिन-सीएलझेड’.

नावं तीन, काम एक? फसलात! इंटेलने ही सूचना २०१३ साली हॅसवेलमध्ये आणली. त्याआधीचा इंटेल प्रोसेसर तिला उजवीकडून जागा सांगणारी जुनी ‘बीएसआर’ समजतो आणि १ या संख्येला ३१ ऐवजी ० सांगतो, तेही विनातक्रार. जीसीसीची हाक, वेगळं काही सांगितलं नसेल तर, तिथेही ३१ देते.

तेव्हा मंडळी, नावावर जाऊ नका. खाली कोणती सूचना निघते ते आधी पाहा.